उतरलेला मध्यम

हरिश्चंद्र मेस्त्रीला पोरगा गेल्याचं कळण्याआधी कानस गेल्याचं कळलं.

सकाळी तो ओसरीवर कामाला बसला होता. समोर चिंदरच्या भजनी मंडळाची पेटी उघडून ठेवलेली, आणि सूर घासायची बारीक कानस जागेवर नव्हती. त्या कानशीला फणसाच्या लाकडाची मूठ त्याने स्वतः बसवली होती. त्याने बायकोला हाक मारून लवूला विचारायला सांगितलं. सुभद्रा मागच्या पडवीत गेली. पोराचं अंथरूण नीट गुंडाळलेलं होतं आणि खुंटीवरचे सदरे नव्हते. तेवढं पाहून ती परत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तोपर्यंत भिकाजी तांडेलाचं गलबत आचऱ्याच्या खाडीतून बाहेर पडून दक्षिणेला लागलं होतं. मोसम नुकता सुरू झाला होता आणि ते मंगळुरी कौलं आणायला चाललं होतं.

साल एकोणीसशे एक्कावन्न. लवू तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

घराणं सुतारांचं. हरिश्चंद्राचा बाप होड्यांची कामं करायचा. हरिश्चंद्र पेट्यांकडे वळला. मालवणापासून देवगडापर्यंत कुठल्या वाडीच्या भजनाची पेटी बिघडली की माणूस ती डोक्यावर घेऊन आचऱ्याला यायचा. कामात तो चोख होता आणि ते त्याला ठाऊक होतं. पेटी न्यायला आलेला माणूस ‘बरी आसा’ म्हणाला तरी स्वतःचं समाधान झाल्याशिवाय तो ती हातावेगळी करायचा नाही. पेटीच्या प्रत्येक सुराला पितळेची एक पातळ जीभ असते. ती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एवढ्यावर त्याचा सगळा धंदा चालायचा, आणि माणसांच्या बाबतीतही त्याचा हात तसाच चालायचा. देवळात आरती चालू असताना कोणी बेसूर झालं की तो जागच्या जागी जीभ चुकचुकवायचा. त्याच्या शेजारी बसून गायला लोक कचरत.

घरची पेटी मात्र तशीच पडली होती. लोकांच्या पेट्यांतून तिच्याकडे बघायला सवड नव्हती. मधल्या सप्तकातल्या मध्यमाची जीभ खाऱ्या हवेने मुळाशी झिजली होती आणि तो सूर केसभर खाली बसला होता. दिवेलागणीला सुभद्रा त्याच पेटीवर रामेश्वराचा एक गजर म्हणायची. सासूकडून शिकलेला. त्याच्या दुसऱ्या ओळीत सूर मध्यमावर जाऊन थांबतो आणि मग सावकाश उतरतो. पेटी जिथे थांबायची तिथे सुभद्रा थांबायची, आणि तिच्या मांडीला टेकून बसलेला लवूही तिथेच थांबायचा. हरिश्चंद्र त्या वेळी बहुधा देवळात असायचा.

लवू गेला त्याच्या आधीच्याच श्रावणात, देवळातल्या सप्ताहाला, वाडीच्या पाळीत पहिल्यांदाच त्याला पुढे बसवलं. सप्ताहात भजन अखंड चालतं. एका वाडीची पाळी संपली की दुसरी वाडी बसते, आणि कोणाचं चांगलं झालं याची चर्चा पुढे वर्षभर पुरते. त्या वर्षी सावंतवाडीचे एक बुवा ऐकायला आले होते. लवूने घरचाच गजर घेतला. आवाज गोड होता, पहिल्या ओळीला माना हलल्या. दुसऱ्या ओळीत तो मध्यमावर गेला आणि देवळाच्या पेटीच्या खालीच राहिला. देवळाची पेटी हरिश्चंद्राने स्वतः लावलेली होती. तिच्यात चूक असणं शक्य नव्हतं. पोराने परत ओळ घेतली, परत तेच झालं.

बुवांनी हसत विचारलं, “मेस्त्री, मुलाचा मध्यम पायरी चुकून खाली पडला की काय?”

पलीकडच्या वाडीच्या लोकांत हशा पिकला. हरिश्चंद्र उठला, पोराच्या हातातली चिपळी काढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “ऊठ. तुका सूर कळणां नाय. परत पेटीक हात लावू नको.”

दुसऱ्या दिवशी त्याने घरची पेटी उघडली. मध्यमाची जीभ हातात घेतल्याबरोबर त्याला कळलं, चूक कोणाची होती ते. पोराने तोच सूर म्हटला होता जो त्याने जन्मापासून ऐकला होता. हरिश्चंद्राने जीभ टोकाशी घासून सूर जागेवर आणला, पेटी बंद केली आणि याबद्दल कोणाला एक शब्द सांगितला नाही. मेस्त्र्याच्या पोराला एवढं ऐकू यायला हवं होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग रोज संध्याकाळी तो मायलेकरांना समोर बसवू लागला. मध्यम खाली गेला की लाकडाची पट्टी पोराच्या बोटांवर बसायची. सुभद्रेला नुसतं, “वर घे.”  लवूचा मध्यम मात्र वर आला नाही. येत नव्हता की तो आणत नव्हता, हे हरिश्चंद्राला त्या दिवसांत ओळखता आलं नाही. गणपती विसर्जन झाले, बंदर उघडलं, आणि कानस गेली.

भिकाजी तांडेल परतला तेव्हा त्याने सांगितलं की पोरगा मंगळुरात कौलांच्या कारखान्यात लागला आहे. आणायला सांगत असाल तर आणतो, पण तो यायचा नाही. हरिश्चंद्राने आणायला सांगितलं नाही. पुढे दर मोसमाला भिकाजी निरोप आणायचा आणि तो सुभद्रेला विहिरीवर गाठून द्यायचा, कारण ओसरीवर तो बोलायला लागला की हरिश्चंद्र कानस जोराने चालवायचा. लवू भट्टीवर काम करतो. लवूला ताप येऊन गेला. लवू हल्ली जर्मन लोकांच्या देवळात जातो. ही शेवटची बातमी विहिरीवरून गावभर व्हायला वेळ लागला नाही. मेस्त्र्याचो झील बाटलो, असं लोक म्हणू लागले. हरिश्चंद्राच्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. पण एका होळीला कोणीतरी अंधारात ओरडून गेलं, पाद्र्याचो बापूस म्हणून.

गावात त्या वर्षांत एकेक घर मंगळुरी कौलांनी शाकारलं जात होतं. भिकाजीच्या गलबतातून कौलं उतरली की हरिश्चंद्र वाटेवरून जाताना त्यांच्याकडे बघायचा. त्याच्या स्वतःच्या घरावर कुंभाराकडचे जुने नळेच राहिले.

सुभद्रेचा मध्यम मात्र सुधारला. पोरगा गेल्यावरही हरिश्चंद्राने ते सोडलं नव्हतं. दिवेलागणीला तो घरी थांबू लागला होता. “वर घे. अजून. थांब तिथे.” तिने कधी वाद घातला नाही. काही वर्षांनी ती बिनचूक म्हणू लागली आणि मग त्याला सांगावं लागेनासं झालं.

बासष्ट सालच्या आषाढात लवू तापाने गेला. ते आचऱ्याला कळलं भाद्रपदात. पावसाळ्यात समुद्र बंद, गलबतं शाकारून किनाऱ्यावर ओढलेली; आणि लवूने आपल्या गावाची खूण म्हणून तिथल्या लोकांना एकच नाव सांगून ठेवलं होतं, भिकाजी तांडेलाचं. ते लोक गलबताची वाट बघत राहिले. भिकाजीने आणलेल्या बोचक्यात दोन धोतरं, एक शाल आणि ती कानस होती. कानशीचे दात निम्मे झिजले होते. फणसाची मूठ हाताच्या घामाने काळी पडली होती, पण तीच होती.

सुभद्रा त्या दिवसापासून गायची थांबली. दिवा लावायची, हात जोडायची आणि आत जायची.

हरिश्चंद्राने मूठ हातात धरून भिकाजीला विचारलं, पोराचं तिथे आणखी काय आहे. भिकाजी म्हणाला, राख नदीत गेली, खोली कारखान्याची होती. मग आठवून म्हणाला, त्या जर्मन देवळात एक मोठी पायपेटी आहे. ती लवूच सांभाळायचा. जे काय असेल ते तिच्यात असेल.

हरिश्चंद्राने दोन महिने यावर काढले. मग एक दिवस भिकाजीला म्हणाला, “माका घेऊन चल.”

पुढच्या माघात तो गलबतावर चढला. तळाला सुकी मासळी आणि कोकमं होती. गोवा वर्षभरापूर्वीच मोकळा झाला होता. भिकाजी जाता जाता बोटाने दाखवत होता, इथे फिरंग्यांची बोट उभी असायची, इथे आम्ही शीड खाली घ्यायचो. हरिश्चंद्र ऐकत होता असं दिसत होतं. त्याच्या कमरेला कानस होती.

ते देऊळ मंगळुरापलीकडे, नदीच्या काठच्या टेकडीवर होतं. शंभरावर वर्षांपूर्वी जर्मन पाद्र्यांनी बांधलेलं, लुथेरन पंथाचं. भिंती तांबड्या चिऱ्याच्या, आचऱ्याला असतो तसाच चिरा. वर त्यांच्याच कारखान्याची कौलं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन पाद्र्यांना पकडून नेलं आणि देऊळ, शाळा, गाणी आणि पायपेटी इथल्या माणसांकडे राहिली. त्यांनी ती टिकवली. रविवार होता. दारात हरिश्चंद्र वहाणा काढायला वाकला तेव्हा भिकाजीने त्याचा दंड धरला.

“मेस्त्री, हय सगळा उलटा आसा. पायतण घातलेला चलता, टोपी चलणां नाय.”

हरिश्चंद्राने टोपी काढून हातात घेतली. वहाणाही काढल्याच. दोघे मागच्या बाकावर बसले.

मूर्ती नव्हती. डाव्या अंगाला पायपेटी होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीची, काळ्या लाकडाची, वर पितळेच्या पत्र्यावर त्याला न येणारी अक्षरं. एक पिकल्या केसांची बाई तिच्यासमोर बसली होती. पायांनी भाता चालू झाला आणि पहिला सूर निघाला, तो हरिश्चंद्राला कानांच्या आधी बाकाच्या लाकडातून जाणवला. मग सगळी माणसं उभी राहून गाऊ लागली. शब्द कानडी होते, चाल कुठल्या दूरच्या थंड मुलखातली असावी. बायका एक सूर धरत होत्या, पुरुष दुसरा, म्हातारे आणखी खालचा, आणि काही पोरं चौथाच. एका वेळी चार. हरिश्चंद्र सवयीने त्यात चुकणारा शोधू लागला. त्याने बाकांच्या एकेका रांगेवर कान फिरवला. कोणीच चुकत नव्हतं. चारही सूर आपापल्या जागी होते आणि एकमेकांच्या वाटेत येत नव्हते.

आणि मग तो सूर आला. मधल्या सप्तकातला, केसभर खाली बसलेला. पेटी त्या सुरावर आली की गाणारी माणसं जराशी आवाज आवरून घ्यायची, वाटेतल्या दगडाला वळसा घालावा तशी, आणि पुढे जायची. कोणी मागे बघत नव्हतं. हरिश्चंद्राने जीभ चुकचुकवली. शेजारचा माणूस त्याच्याकडे वळून बघू लागला.

प्रार्थना संपल्यावर भिकाजीने त्याला त्या बाईंकडे नेलं. नाव सलोमी, मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना कानडी आणि तुळू येत होतं, भिकाजीला बंदरात शिकलेलं दोन्हींतलं थोडं थोडं, आणि बोलणं त्याच्यामार्फत झालं. हा लवूचा बाप म्हटल्यावर त्या काही वेळ हरिश्चंद्राच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपलं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं.

त्यांनी दाखवलं ते असं. पायाखालच्या दोन्ही फळ्या लवूने फणसाच्या केल्या होत्या, कारण जर्मन लाकडाला वाळवी लागली होती. फळ्या ओढणारे पट्टे कुजले तेव्हा त्याने भिकाजीकडून जाळ्याची दोरी मागून घेऊन ती तीनपदरी विणून घातली होती. भात्याला ठिगळ होतं आणि त्यातून वारा जात नव्हता. पेटीच्या मागे, भिंतीला लागून, एक बुटका पाट होता; गाणं चालू असताना तो तिथे बसायचा. हरिश्चंद्राने फळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. सांधा त्याला सापडला नाही, इतका तो बेमालूम होता.

त्याने भिकाजीला हळूच विचारायला सांगितलं, तो बाटला होता का. सलोमीबाई म्हणाल्या, त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. पाद्री बोलायला उठले की तो बिजागऱ्यांना तेल घालत बसायचा. जाळला त्याला कारखान्यातल्या हिंदू लोकांनी, नदीवर.

मग त्या जेवणाचं बघायला घरी गेल्या. तोवर तुम्ही इथेच बसा, हवी तर पेटी वाजवा, असं सांगून गेल्या. भिकाजी बाकावर आडवा झाला आणि झोपला.

हरिश्चंद्र स्टुलावर बसला. घरचा सा कुठल्या पट्टीवर येतो ते त्याने शोधलं आणि तिथून मोजत गेला. खाली बसलेला तो सूर मध्यम होता. तोच मध्यम.

त्याने मागची फळी काढली, तारेचा आकडा करून ती जीभ ओढून बाहेर घेतली आणि दारातल्या उजेडात नेली. जुन्या काळ्या पितळेवर, मुळाशी, घासल्याच्या बारीक रेघा होत्या. आडव्या, एकासारख्या एक, डाव्या हाताने काढलेल्या. लवू डावखुरा होता. म्हणजे सूर झिजून उतरलेला नव्हता; पोराने घासला होता, आणि चुकीच्या ठिकाणी घासला होता. टोकाशी घासायचा तो मुळाशी. बारा महिने एवढी माणसं गातात आणि त्यांच्या मधोमध हा सूर खाली बसलेला, आणि बसवणारा आपला पोरगा.

हरिश्चंद्र दारात उभा राहिला. त्याला राग आला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. सप्ताहातला हशा त्याला आठवला. उद्या कोणी जाणता माणूस इथे येईल, पेटी ऐकेल आणि विचारेल, ही कोणी बिघडवली. आणि हे लोक नाव सांगतील. पोराचं एवढंच काम मागे राहिलं होतं आणि त्यात एवढीच चूक होती. ती आपण काढून टाकू शकतो. त्याने कमरेची कानस काढली. पोराच्या घामाने काळी पडलेली मूठ धरून त्याने जिभेचं टोक घासलं, तोंडाशी धरून फुंकून बघितलं, परत घासलं. घाई केली नाही. आयुष्यात एवढ्या हळुवारपणे त्याने दुसरं कुठलं काम केलं नसेल. सूर जागेवर आला तेव्हा त्याने जीभ धोतराच्या सोग्याने पुसली, आत बसवली आणि फळी लावली.

सलोमीबाई परत आल्या तेव्हा तो पेटीशेजारी उभा होता. त्याने खुणेने त्यांना वाजवायला सांगितलं. त्या बसल्या, सकाळचंच गाणं घेतलं. तो सूर आला. त्यांचे हात पट्ट्यांवरच थांबले. त्यांनी एकट्या त्या पट्टीवर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग त्या भिकाजीकडे वळून बराच वेळ बोलल्या. आवाज चढला नव्हता. भिकाजी उठून बसला होता आणि ऐकता ऐकता त्याने मान खाली घातली.

“काय म्हणता ती?” हरिश्चंद्राने विचारलं.

“मेस्त्री, ऱ्हवांदे.”

“सांग.”

भिकाजी म्हणाला, “बाई म्हणता, तो सूर बिघडलेलो नव्हतो. लवून मुद्दाम उतरवलेल्यान. हेंका विचारून केल्यान. म्हणालो, माझी आई ह्यो सूर असोच लावता.”

मग राहिलेलं त्याने सावकाश सांगितलं. लवू आला त्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी हे झालं. सलोमीबाई आधी रागावल्या होत्या. त्या वेळचे म्हातारे पाद्री म्हणाले, राहू दे, आपण सांभाळून गाऊ. रविवारी सगळे गेले की लवू दार लोटून घ्यायचा आणि त्याच्या गावच्या देवाचं एक गाणं वाजवायचा. दुसऱ्या ओळीत त्या सुरावर थांबायचा. सलोमीबाई बाहेर पायरीवर बसून ऐकायच्या. लोकांना त्या सुराची सवय झाली. तो गेल्यावर मद्रासहून पेटी लावणारा आला होता. त्याला त्यांनी त्या पट्टीला हात लावू दिला नाही.

हरिश्चंद्र खाली पाटावर बसला. तो लवूचा पाट होता हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि तो तिथून उठला.

सलोमीबाई म्हणाल्या, त्यात काय, तुम्ही त्याचे वडील, पेट्यांचे मेस्त्री. होता तसा परत उतरवा. भिकाजीने तेही सांगितलं. हरिश्चंद्राने जीभ परत बाहेर काढली, उलटी धरली, कानस मुळाशी टेकवली. लवूच्या रेघांवरच ती टेकली. तिथे तो थांबला.

“किती?” त्याने विचारलं.

किती ते सलोमीबाईंना सांगता येईना. आताचा तो नाही, एवढंच त्यांना ऐकू येत होतं. हरिश्चंद्राने डोळे मिटून घरची जुनी पेटी आठवून बघितली. त्याला सप्ताहातला हशा ऐकू आला, पोराच्या बोटांवर बसणाऱ्या पट्टीचा आवाज ऐकू आला, स्वतःचं ‘वर घे’ ऐकू आलं. तो सूर आला नाही. सकाळी ऐकलेलाही आठवेना. ऐकताना तो किती चुकलाय एवढंच त्याने मोजलं होतं, आणि तेवढं घासून झाल्यावर ते माप त्याच्या हातातून गेलं होतं.

कानस खाली ठेवून तो म्हणाला, “घराक एक माणूस आसा. तिका म्हायत आसा. विचारून धाडतंय.”

सलोमीबाईंनी ती जीभ त्याला आपल्या रुमालात बांधून दिली. पेटीतली ती पट्टी तोवर मुकी राहिली.

परतीच्या वाटेवर गलबत कौलांनी भरलेलं होतं आणि वारा पडला होता. भिकाजीने एक-दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मग तो सुकाणूपाशी जाऊन बसला.

घरी आल्यावर हरिश्चंद्राने सुभद्रेला सगळं सांगितलं. फणसाच्या फळ्या, जाळ्याची दोरी, चार सुरांत गाणारी माणसं, भिंतीला लागून असलेला पाट. बाटला नव्हता, हेही सांगितलं. ती भाताच्या मडक्यावरचं झाकण धरून ऐकत होती. सांध्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, लहानपणी त्याला खिळा सरळ मारता यायचा नाही. सुराचं तेवढं हरिश्चंद्राने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आठवून आठवून म्हणाली असती, आणि त्याला तिच्या गळ्यातून आपोआप येणारा सूर हवा होता.

दिवेलागणीला त्याने पेटी बाहेर काढली. सुभद्रा दिवा लावून आत निघाली होती.

“गो,” तो म्हणाला, “तो गजर म्हण बघया एकदा.”

ती थांबली. भाद्रपदानंतर तिने गायला तोंड उघडलं नव्हतं. पण तो मंगळुरापर्यंत जाऊन आला होता, पोराच्या पाटावर बसून आला होता. त्याच्या शब्दाला तिने नाही म्हटलं नाही. ती समोर येऊन बसली, पदर सारखा केला. हरिश्चंद्राने पेटीवर नुसता सा धरला. दुसऱ्या कुठल्याही पट्टीला त्याने बोट लावलं नाही. मांडीवर रुमाल उघडा होता आणि त्यात ती जीभ आणि कानस.

तिचा आवाज सुरुवातीला घोगरा लागला, मग मोकळा झाला. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ चढत गेली आणि मध्यमावर जाऊन उभी राहिली. ओळंब्यासारखी सरळ.

हरिश्चंद्र सा धरून बसून राहिला. तिने ओळ पुरी केली तेव्हा तो म्हणाला, “परत म्हण. पयलां म्हणत होतंस तसा. लवू लहान होतो तेव्हा.”

सुभद्रेने त्याच्याकडे बघितलं. काहीतरी चुकलं असावं असं तिला वाटलं. तिने पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि दुसरी ओळ पुन्हा घेतली, अधिक जपून. मध्यम जिथे असायला हवा तिथेच आला. तिने तो धरून ठेवला, त्याने शिकवला होता तसा, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तरी तो हलला नाही.

“मी आता चुकणंय नाय,” ती म्हणाली.

हरिश्चंद्राने भात्यावरचा हात काढला.

“नाय,” तो म्हणाला. “चुकणंस नाय.”

त्याने जीभ रुमालात होती तशी बांधली आणि गाठ मारली. मोसम संपायच्या आधी भिकाजीची एक फेरी राहिली होती. त्या फेरीने जीभ मंगळुराला परत गेली.